खुनी सापडला. पुढे काय?

डिटेक्टिव्ह कादंबरीचा शेवट आपल्या सगळ्यांना पाठ आहे. संशयित दिवाणखान्यात जमतात, डिटेक्टिव्ह शांतपणे एकेक धागा उलगडतो, कुणाचा तरी चेहरा पांढराफटक पडतो आणि दारात उभा असलेला इन्स्पेक्टर पुढे होतो. पुस्तक संपलं. बाबूराव अर्नाळकरांच्या धनंजय-छोटूपासून शेरलॉक होम्सपर्यंत आपण हेच वाचत मोठे झालो. पण पुढे काय झालं, हे आपण कधी विचारलं का? जामीन मिळाला का? साक्षीदार फुटले का? वरच्या कोर्टात काय झालं?

आपण विचारत नाही, कारण लेखकाने गृहीत धरलेलं असतं की पुढचं सगळं नीट होणार. खुनी कोण हे कळलं की काम झालं, बाकी पोलीस आणि कोर्ट बघून घेतील. आता गंमत बघा. ज्या देशात 'पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता' ही पेपरातली रोजची ओळ आहे, तिथले आपणही या कथा वाचताना हे गृहीतक बिनतक्रार मान्य करतो. हे गृहीतक आलं कुठून आणि ते कुठे कुठे मोडलं, याचा इतिहास फार वाचनीय आहे. पोस्ट लांब आहे आणि काही कादंबऱ्यांचे शेवट फुटणार आहेत, आधीच सांगतो.

सुरुवात इंग्लंडपासून करावी लागते. (खरं तर पहिली कथा एका अमेरिकन माणसाची. एडगर अ‍ॅलन पोने १८४१ मध्ये पॅरिसमध्ये घडणारी खुनाची कथा लिहिली, स्वतः पॅरिस कधीही न बघता. पण या प्रकाराला घर मिळालं ते इंग्लंडात.) लंडनच्या पोलीस दलात डिटेक्टिव्ह शाखा निघाली १८४२ साली, मोजक्या माणसांची. चार्ल्स डिकन्स या लोकांवर इतका खूश, की त्याने १८५० मध्ये आपल्या साप्ताहिकात त्यांच्यावर कौतुकाचे लेख लिहिले. पण लोकांचा विश्वास तेवढा नव्हता. १८६० मध्ये रोड नावाच्या गावात एका प्रतिष्ठित घरातल्या जेमतेम चार वर्षांच्या मुलाचा खून झाला. लंडनहून गेलेल्या जॅक व्हिचर या डिटेक्टिव्हने मुलाच्या सोळा वर्षांच्या सावत्र बहिणीवर संशय घेतला. झालं! एक साधा नोकरदार पोलीस सभ्य माणसांच्या घरात शिरून मुलीचे कपडे मोजतो म्हणजे काय, असा गदारोळ उठला. मुलगी सुटली, व्हिचरची कारकीर्द संपल्यात जमा झाली. पाच वर्षांनी त्या मुलीने स्वतःहून कबुली दिली. तोवर व्हिचर निवृत्त झाला होता.

याच प्रकरणातला हरवलेल्या रात्रीच्या झग्याचा धागा उचलून विल्की कॉलिन्सने १८६८ मध्ये 'द मूनस्टोन' लिहिली. त्यातला हिरा आपल्याकडचा, १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणच्या लुटीत एका इंग्रज अधिकाऱ्याने खून पाडून पळवलेला. इंग्रजी डिटेक्टिव्ह कादंबरीच्या अगदी पहिल्या पिढीतच मूळ चोर साहेब आहे, हे आपण सहसा विसरतो.

पुढे १८७७ मध्ये तर स्कॉटलंड यार्डचे बडे डिटेक्टिव्हच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले. ठकसेनांकडून पैसे खाऊन त्यांना आगाऊ खबर द्यायचे. तिघांना सक्तमजुरी झाली आणि पुढच्या वर्षी शाखा मोडून नवी सीआयडी उभारली गेली. त्यानंतर दहाच वर्षांनी, १८८७ मध्ये, शेरलॉक होम्स अवतरला. सरकारी पगार न घेणारा, पोलिसांपेक्षा हुशार, विकला न जाणारा. हा योगायोग मला तरी वाटत नाही. होम्स तर कधी कधी गुन्हेगाराला परस्पर सोडूनही देतो आणि वाचकाला ते खटकत नाही, कारण न्याय कुणाच्या हातात सुरक्षित आहे हे वाचकाने मनाशी ठरवलेलं असतं.

म्हणजे इंग्रजी रहस्यकथेतला तो भरवसासुद्धा बराचसा कागदावर तयार केलेला होता. प्रत्यक्षात १९५० मध्ये लंडनमध्ये टिमोथी एव्हान्स नावाच्या तरुणाला स्वतःच्या तान्ह्या मुलीच्या खुनाबद्दल फाशी झाली. तीन वर्षांनी त्याच घराच्या भिंतीत आणि अंगणात बायकांची प्रेतं सापडली. खुनी होता तळमजल्यावरचा भाडेकरू जॉन ख्रिस्ती, एव्हान्सच्या खटल्यातला सरकारचा मुख्य साक्षीदार. अ‍ॅगाथा ख्रिस्तीची पुस्तकं तेव्हा धडाक्यात खपत होती. (नात्यातली नव्हेत हो, नुसतं आडनाव तेच.) एव्हान्सला माफी मिळाली १९६६ मध्ये. मेलेल्या माणसाला माफी.

तर हा इंग्रजी साचा जगभर गेला. भाषांतरं झाली, नकला झाल्या. आणि मग ठिकठिकाणच्या लेखकांना जाणवायला लागलं, की साचा छान आहे पण शेवट आपल्याकडे बसत नाही.

अर्जेंटिनाचं उदाहरण घ्या. बोटांच्या ठशावरून खुनी पकडला गेल्याची जगातली पहिली घटना याच देशातली, १८९२ सालची. नेकोचेआ गावात दोन मुलांचा खून झाला. आईने शेजाऱ्याचं नाव घेतलं, पोलिसांनी त्याला छळलं तरी तो कबूल होईना. शेवटी दारावर रक्ताने उमटलेला अंगठा आईचाच निघाला. ही पद्धत बसवणारा हुआन वुसेतिच ला प्लाता शहरच्या पोलीस खात्यातला. (आपल्या कलकत्त्यात ठशांचं ऑफिस निघालं १८९७ मध्ये. त्यामागे अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांची डोकी होती, नाव झालं त्यांच्या साहेबाचं. असो, तो वेगळा विषय आहे.) सांगायचा मुद्दा, शास्त्रशुद्ध तपासात हा देश मागासलेला वगैरे अजिबात नव्हता.

तरी १९४२ मध्ये बोर्हेस आणि बिओय कासारेस या दोघा मित्रांनी टोपणनावाने डिटेक्टिव्ह कथा लिहिल्या तेव्हा त्यांचा नायक कोण असावा? डॉन इसिद्रो पारोदी, तुरुंगात २७३ नंबरच्या कोठडीत बसलेला एक न्हावी. लोक भेटायला येतात, आपलं कोडं सांगतात, हा बसल्या जागी सोडवतो. आणि तो आत का? तर न केलेल्या खुनासाठी. खरे खुनी निवडणुकीच्या कामाला लागणारी माणसं होती आणि पारोदीकडे भाड्याने राहणाऱ्या पोलीस कारकुनाने वर्षभराचं भाडं थकवलं होतं. झाला निकाल! सगळ्या देशाची कोडी सोडवणारा माणूस स्वतःची सुटका करू शकत नाही. विनोदी कथा आहेत त्या. पण विनोद कशावर आहे ते कळतंच.

याच वातावरणात रोदोल्फो वॉल्श वाढला. जन्म १९२७, आयरिश वंशाचा. प्रकाशन संस्थेत प्रूफं तपासायची, इंग्रजी रहस्यकथांची भाषांतरं करायची, बुद्धिबळ खेळायचं, हे त्याचं आयुष्य. १९५३ मध्ये त्याचा स्वतःचा डिटेक्टिव्ह कथांचा संग्रह आला, बक्षीसही मिळालं. नायक चक्क प्रूफरीडर! राजकारणाशी घेणंदेणं फारसं नाही. १९५५ मध्ये लष्कराने पेरॉनला हाकललं तेव्हा वॉल्शला ते बरंच वाटलं होतं.

९ जून १९५६ च्या रात्री पेरॉनच्या बाजूच्या काही अधिकाऱ्यांनी बंड केलं. ते काही तासांत चिरडलं गेलं. सहा महिन्यांनी, डिसेंबरात, ला प्लाताच्या कॅफेत वॉल्श बसलेला असताना कुणीतरी त्याला सांगितलं, की गोळ्या घालून मारलेल्यांपैकी एक जण जिवंत आहे.

रहस्यकथा लिहिणाऱ्याला याहून चांगली सुरुवात कुठे मिळणार? तो कामाला लागला. एनरिकेता मुनिझ ही तरुण पत्रकार त्याच्यासोबत होती. त्याने घर बदललं, खोट्या नावाचं ओळखपत्र मिळवलं, पिस्तूल बाळगायला लागला. हळूहळू उलगडा झाला तो असा. बंडाच्या रात्री ब्युनॉस आयर्सच्या एका उपनगरातल्या घरात काही माणसं जमली होती. रेडिओवर बॉक्सिंगची मॅच होती. काहींना बंडाची कुणकुण होती, काही खरोखर मॅच ऐकायला आले होते. साडेअकराच्या सुमारास प्रांताचा पोलीसप्रमुख जातीने धाड टाकून सगळ्यांना घेऊन गेला. पहाटे त्यांना होसे लेओन सुआरेझ इथल्या कचरा टाकायच्या मैदानात उतरवून, गाडीच्या दिव्यांच्या उजेडात गोळ्या घातल्या. पाच मेले. सात जण अंधारात पळून किंवा मेल्याचं सोंग घेऊन वाचले. एकाच्या चेहऱ्यात गोळ्या घुसल्या होत्या, तरी तो जगला.

सरकार म्हणायचं, मार्शल लॉ लागू होता, कायद्याने शिक्षा दिली. इथे वॉल्शमधला रहस्यकथाकार जागा झाला. मार्शल लॉ नेमका किती वाजता लागू झाला? होम्सच्या गोष्टीत असतो तसा साधा घड्याळाचा प्रश्न. त्याने सरकारी रेडिओ केंद्राची नोंदवही मिळवली. कोणत्या मिनिटाला कोणतं संगीत लागलं, निवेदक कधी बोलला, सगळं त्यात लिहिलेलं. मार्शल लॉची घोषणा झाली होती रात्री बारा वाजून बत्तीस मिनिटांनी, म्हणजे १० जूनला. माणसं पकडली ९ जूनला. ज्या क्षणी त्यांना पकडलं त्या क्षणी तो कायदा अस्तित्वातच नव्हता, त्यामुळे पकडलेल्यांवर तो लागूच होत नव्हता. मग ती शिक्षा कसली? तो खून होता, आणि खुनी कोण हे नावानिशी सिद्ध झालं होतं.

डिटेक्टिव्ह कादंबरी असती तर पुस्तक इथे संपलं असतं. मोठी वर्तमानपत्रं हात लावेनात, तेव्हा वॉल्शने छोट्या नियतकालिकांत हा मजकूर छापला आणि १९५७ मध्ये त्याचं 'ऑपरेशन मॅसॅकर' हे पुस्तक आलं. (ट्रुमन कपोटीच्या 'इन कोल्ड ब्लड'ला या प्रकारातलं पहिलं पुस्तक म्हणतात. ते याच्यानंतर आठ-नऊ वर्षांनी आलं.) आता कारवाई होणार, असं त्याला प्रामाणिकपणे वाटत होतं. झालं काय? सुप्रीम कोर्टाने प्रकरण लष्करी न्यायालयाकडे सोपवलं. कुणालाही शिक्षा झाली नाही, पोलीसप्रमुख पदावर राहिला.

मला या पुस्तकातली सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट कुठली वाटते सांगू? १९६४, १९६९, १९७२, दर नव्या आवृत्तीत वॉल्श शेवट आणि प्रस्तावना बदलत गेला. पुरावा तोच, नावं तीच, घड्याळातली वेळ तीच. बदलत गेला तो फक्त लेखकाचा न्यायावरचा भरवसा. पहिल्या आवृत्तीत तो कोर्टाशी बोलतोय. पुढच्या आवृत्त्यांमध्ये त्याने तो नाद सोडून दिलाय.

पुढे तो सशस्त्र चळवळीत गेला. ते बरोबर की चूक यावर अर्जेंटिनात आजही वाद होतात आणि व्हायलाच हवेत. मार्च १९७६ मध्ये पुन्हा लष्करी सत्ता आली. त्याच वर्षी त्याची मुलगी लष्कराच्या वेढ्यात मेली. सत्तापालटाला वर्ष झालं तेव्हा त्याने लष्करी मंडळाला उद्देशून खुलं पत्र लिहिलं. बेपत्ता माणसं, छळछावण्या आणि आर्थिक धोरणाने होणारी उपासमार, सगळं त्यात होतं. २५ मार्च १९७७ रोजी पत्राच्या प्रती पोस्टात टाकून तो पुढे निघाला असताना नौदलाच्या तुकडीने त्याला गाठलं आणि गोळ्या घातल्या. मृतदेह आजतागायत मिळालेला नाही. त्या तुकडीतल्या लोकांना शिक्षा झाली २०११ मध्ये. चौतीस वर्षांनी.

आता जपान. वर्ष तेच, १९५७. पण देश वेगळा, लोकशाही आलेली, पोलीस कार्यक्षम, गाड्या मिनिटावर धावणाऱ्या. माट्सुमोतो सेइचो हा गरिबीतून आलेला, शाळा लवकर सुटलेला, छापखान्यात आणि वर्तमानपत्राच्या जाहिरात विभागात राबून चाळिशीत लेखक झालेला माणूस. त्याची 'पॉइंट्स अँड लाइन्स' ही कादंबरी एका प्रवासविषयक मासिकात क्रमशः येत होती आणि तिचा कणा आहे रेल्वेचं टाइमटेबल. टोकियो स्टेशनच्या तेरा नंबर प्लॅटफॉर्मवरून पंधरा नंबरची गाडी दिवसातून फक्त चार मिनिटं दिसते, एरवी मध्ये दुसऱ्या गाड्या उभ्या असतात. त्या चार मिनिटांत साक्षीदारांना 'योगायोगाने' कुणी तिथे नेलं?

वरून हे निव्वळ कोडं आहे. पण मेलेला माणूस कोण? लाचखोरीच्या चौकशीत अडकलेल्या एका मंत्रालयातला मधल्या फळीचा अधिकारी. समुद्रकिनाऱ्यावर एका बाईसोबत त्याचं प्रेत सापडतं, दोघांनी प्रेमापायी जीव दिला असं सगळे म्हणतात. फुकुओकाचा म्हातारा डिटेक्टिव्ह एकाच गोष्टीवर अडतो. मृताच्या खिशातली रेल्वेच्या डायनिंग कारची पावती एकाच माणसाची आहे. प्रेमात जीव द्यायला निघालेल्या माणसाने एकट्याने जेवावं?

कोडं सुटतं. पण ज्याला वाचवण्यासाठी हे सगळं घडलं तो वरिष्ठ अधिकारी शेवटी कुठे असतो? त्याची बदली होते, चांगल्या जागी, बढतीवर. मधला माणूस मेला की फाईल बंद होते आणि वरचा सरकतो आणखी वर. हे वाचायला आपल्याला जपान माहीत असायची गरज नाही. १९६० मध्ये सेइचोने अमेरिकन अंमलाच्या काळातल्या न उलगडलेल्या प्रकरणांवर 'जपानचं काळं धुकं' ही लेखमाला लिहिली. 'काळं धुकं' हा शब्द पुढे राजकीय भ्रष्टाचारासाठी जपानी वर्तमानपत्रांत रूढच झाला.

इटलीत तर गुन्हा घडला हेच मान्य नव्हतं. लिओनार्दो शाशा हा सिसिलीतल्या राकालमुतो गावचा शाळामास्तर. त्याची 'घुबडाचा दिवस' ही छोटीशी कादंबरी १९६१ ची. तेव्हा माफिया नावाची संघटित गोष्ट आहे, हे कबूल करायला सरकारी पातळीवर फारसं कुणी तयार नव्हतं. १९४७ मध्ये सिसिलीत मिराल्या नावाच्या कामगार पुढाऱ्याचा खून झाला होता, ते शाशाच्या डोक्यात होतं. शिवाय कांदिदा नावाच्या एका लष्करी पोलीस अधिकाऱ्याने १९५६ मध्ये माफियावर पुस्तक लिहिलं होतं. त्याचं बक्षीस म्हणून सिसिलीबाहेर बदली!

कादंबरीत पहाटे बस पकडताना एका बांधकाम ठेकेदाराला गोळ्या घालतात. हप्ता द्यायला नकार दिला, एवढाच त्याचा गुन्हा. बस भरलेली, पण कंडक्टरने काही पाहिलं नाही, प्रवासी एकेक करून सटकलेले, आणि जवळच भजी विकणाऱ्याला तर गोळीबार झाल्याचाच पत्ता नाही. उत्तरेतून आलेला कॅप्टन बेलोदी हे फोडतो. मारेकरी, मध्यस्थ, त्यावरचा बडा माणूस, सगळी साखळी. मग रोममध्ये फोन फिरतात. तो रजेवर घरी गेलेला असताना प्रतिष्ठित नागरिक मारेकऱ्याच्या बाजूने साक्ष देतात, की तो त्या दिवशी दुसऱ्याच गावी होता. एका खुनाला बाईच्या भानगडीचा रंग दिला जातो. साखळी तुटते. वाचकाला खुनी माहीत, कॅप्टनला माहीत, सगळ्या गावाला माहीत.

पण शाशाने एक गोष्ट पेरून ठेवली होती. बेलोदी विचार करतो, की या लोकांना मारझोड करून किंवा कायदा गुंडाळून पकडण्यात अर्थ नाही, फॅसिस्टांनी ते करून पाहिलं. यांची बँकखाती तपासा, पैसा कुठून आला ते बघा. कादंबरीतल्या पात्राचा विचार, १९६१ मधला. प्रत्यक्ष कायदा यायला एकवीस वर्षं गेली आणि दोन माणसं गेली. तो कायदा मांडणारा खासदार पियो ला तोर्रे एप्रिल १९८२ मध्ये मारला गेला, पालेर्मोला पाठवलेला जनरल दाल्ला किएझा सप्टेंबरात. त्यानंतर दहा दिवसांत कायदा पास. माफियाचं सदस्य असणं हाच गुन्हा आणि संपत्ती जप्त करायचा अधिकार. याच हत्याराने फाल्कोने आणि बोर्सेलिनो यांनी चारशेहून जास्त आरोपींचा तो प्रचंड खटला उभा केला, तीनशेहून जास्त दोषी ठरले. जानेवारी १९९२ मध्ये वरच्या कोर्टाने निकाल कायम केला. मे महिन्यात फाल्कोने आणि जुलैमध्ये बोर्सेलिनो बाँबस्फोटात मारले गेले.

आणि इथे शाशाबद्दल एक अवघड गोष्ट सांगायलाच हवी. १९८७ मध्ये त्यानेच एका मोठ्या वर्तमानपत्रात लेख लिहून माफियाविरोधाचे 'व्यावसायिक' तयार होताहेत अशी टीका केली आणि बोर्सेलिनोच्या बढतीचं उदाहरण दिलं. त्याची भीती तात्त्विक होती, विरोधाच्या नावाखाली नवी सत्ता उभी राहू नये ही. पण माणूस चुकीचा निवडला, असं माझं मत.

सरतेशेवटी स्वीडन, म्हणजे ज्या देशात शेवटचं पान नीट असायला हवं असा देश. माय शोवाल आणि पेर वालो या जोडप्याने १९६५ ते १९७५ मध्ये पोलीस अधिकारी मार्टिन बेकच्या बरोब्बर दहा कादंबऱ्या लिहिल्या. दोघंही डाव्या विचारांची. पहिल्या पुस्तकात एका परदेशी तरुणीचा खुनी शोधायचा आहे, कंटाळवाण्या चिकाटीने. पुस्तकागणिक प्रश्न खुन्याकडून व्यवस्थेकडे सरकत जातो. काही ठिकाणी ते भाषण होतं, हेही खरं. शेवटच्या कादंबरीत पोलिसांची सगळी फौज परदेशी पाहुण्याला अतिरेक्यांपासून वाचवण्यात गुंतलेली असताना, व्यवस्थेने पिचलेली एक साधी मुलगी देशाच्या पंतप्रधानाला गोळी घालते. पुस्तक १९७५ चं, वालो त्याच वर्षी गेला.

२८ फेब्रुवारी १९८६ च्या रात्री पंतप्रधान ओलोफ पाल्मे बायकोबरोबर सिनेमा बघून स्टॉकहोमच्या रस्त्याने पायी घरी चालले होते. सोबत अंगरक्षक नव्हता. मागून गोळी आली. पोलिसांनी जागा नीट बंदही केली नाही, एक गोळी नंतर रस्त्यावरून जाणाऱ्याला सापडली. १९८९ मध्ये एकाला खालच्या कोर्टात शिक्षा झाली, वरच्या कोर्टाने त्याच वर्षी सोडून दिला. जून २०२० मध्ये सरकारी वकिलाने पत्रकार परिषद घेतली आणि चौतीस वर्षांच्या तपासानंतर एक नाव सांगितलं. घटनेच्या वेळी तिथे हजर असलेला, जवळच्याच ऑफिसातला एक माणूस. निर्णायक पुरावा नाही, हत्यार नाही. आणि तो माणूस २००० सालीच वारलेला, त्यामुळे खटला चालणार नाही. तपास बंद करण्यात येत आहे.

दोन्ही ठिकाणी आकडा चौतीसच. वॉल्शला मारणारे निदान कोर्टात उभे राहिले.